स्लॅशच्या जागी य

यसेु लगमकेाीन ग्ालूगिब कोेाुोदल

ही ओळ माझ्या नावापुढे पडद्यावर उमटली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि आयआरसी या गप्पांच्या नेटवर्कवरच्या आमच्या चॅनेलवर माझ्याखेरीज साठेक जण होते. मला आधी हसूच आलं. मात्रा एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, मध्येच ठिपक्यांची वर्तुळं. कीबोर्ड मराठीत राहिला होता आणि मी इंग्रजी समजून बडवत सुटले होते. सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करणाऱ्यांचं हे रोजचंच असतं. ‘सॉरी’ म्हटलं, कीबोर्ड इंग्रजीवर आणला, तीच ओळ नीट लिहिली आणि चहा ठेवायला उठले.

परत आले तर भोपाळच्या एका हिंदी अनुवादकाचा खासगी निरोप येऊन पडला होता. “दीदी, ये कासेगाव कहाँ पड़ता है?”

कासेगाव माझं आजोळ. सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत. आणि कासेगाव हाच, मागेपुढे काहीही न जोडता, माझा पासवर्ड होता.

त्यानं काही हॅकिंग केलं नव्हतं. तो हिंदीसाठी तोच इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरतो जो मी मराठीसाठी वापरते. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं हा आराखडा ठरवला तेव्हा त्यातली मेख हीच होती की भारतातल्या निरनिराळ्या लिप्यांसाठी कळांच्या जागा एकच असाव्यात. एकाला मराठी टाइप करता आलं की त्याची बोटं गुजरातीतही चालतात. त्यामुळे ज्याला मी गिचमिड समजत होते ती या मंडळींसाठी उघडी चिठ्ठी होती. इंग्रजी ‘एम’च्या कळीवर स, ‘एस’वर एकाराची मात्रा, ‘जी’वर पहिला उकार. आणि स्लॅशच्या कळीवर य. म्हणजे ‘यसेु’ म्हणजे स्लॅश एमएसजी. पुढचं ‘लगमकेाीन’ म्हणजे निकसर्व्ह, त्यापुढचं ‘ग्ालूगिब’ म्हणजे आयडेंटिफाय. शेवटचं गाव तर त्यानं वाचलंच होतं.

आयआरसी न वापरलेल्यांसाठी थोडं सांगते. इंटरनेट रिले चॅट, १९८८ साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलेलं. व्हॉट्सॲपच्या जमान्यात कोण वापरतं असं लोक विचारतात. मुक्त सॉफ्टवेअरवाले वापरतात. आमचा चॅनेल लिबेरा चॅट या नेटवर्कवर आहे. २०२१च्या मे महिन्यात फ्रीनोड या जुन्या नेटवर्कवरून जी मोठी पांगापांग झाली तेव्हा आमचंही बिऱ्हाड तिकडे हललं. इथे सगळं एकाच ओळीत टाइप करायचं असतं. ओळ स्लॅशनं सुरू झाली तर ती कमांड, नाही तर ते बोलणं, आणि बोलणं म्हणजे जे चॅनेल समोर उघडं आहे तिथल्या सगळ्यांना ऐकू जाणार. आपलं नाव आपलंच आहे हे पटवायचं तर निकसर्व्ह नावाच्या सेवेला खासगी निरोपातून पासवर्ड पाठवायचा. तो निरोप आणि चारचौघांत ओरडणं यांत फरक एका चिन्हाचा.

‘सगळ्यांसाठी डिलीट’ ही सोय इथे नाही. सर्व्हरनं ओळ पुढे ढकलली की ती साठ जणांच्या मशीनवर, त्यांच्या नोंदवहीत, आणि चॅनेलची नोंद ठेवणारा बॉट असेल तर वेबवरही. जुन्या मंडळींत एक विनोद प्रसिद्ध आहे. एकजण थाप मारतो की इथे स्वतःचा पासवर्ड लिहिला तर बाकीच्यांना फक्त तारे दिसतात. दुसरा बिचारा विश्वास ठेवून ‘हंटर टू’ असं लिहून बघतो. त्या रात्री कुणीतरी माझ्या ओळीखाली ‘हंटर टू’ एवढंच लिहिलं. मी पासवर्ड बदलला. बदलतानाची कमांड लिहून झाल्यावर पहिलं चिन्ह स्लॅशच आहे ना हे तीनदा बघितलं, मग एंटर मारला.

आमच्या चॅनेलवर एक दादा आहेत, आमच्यात सगळ्यांत जुने. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “अगं, पण पासवर्ड हातानं टाइप करतेसच कशाला?” त्यांचं बरोबर होतं. एसएएसएल नावाची सोय आहे. जोडणी होतानाच क्लायंट, म्हणजे आपण चॅटसाठी वापरतो तो प्रोग्रॅम, ओळख पटवतो, आपण काही लिहायचं नाही. मी वापरते तो इर्सी हा क्लायंट ते स्वतःच करतो, नेटवर्कच्या माहितीत एकदा नाव आणि पासवर्ड भरून ठेवला की झालं. फक्त तो पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये जसाच्या तसा पडलेला असतो, म्हणून फाइलची परवानगी ६०० करून घ्यायची, म्हणजे आपल्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. अर्ध्या तासाचं काम. तिथे हा विषय संपायला हवा होता.

दहा दिवसांनी मी टिंब मारलं.

भारतात आपण वापरतो त्या कीबोर्डवर टिंब आणि स्लॅश शेजारी-शेजारी आहेत. मला एका मैत्रिणीला खासगीत सांगायचं होतं की आमची भाषांतरं तपासणारे गृहस्थ प्रत्येक स्वल्पविरामापाशी अडतात, त्यांच्यामुळे काम पुढे सरकत नाही, आणि मला वाटतं त्यांना दुसरा उद्योग नसावा. हे सगळं रोमन लिपीतल्या मराठीत, घाईत. पुढे स्लॅशऐवजी टिंब. ओळ चॅनेलवर गेली, टिंब एमएसजी, मैत्रिणीचं नाव आणि पुढे माझी सगळी मुक्ताफळं. ते गृहस्थ अर्थातच हजर होते. मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी लिहिलं, “स्वल्पविराम महत्त्वाचा असतो, मॅडम. टिंबसुद्धा.”

पासवर्ड बदलता आला होता. याला काय करणार? दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून माफी मागितली. त्यांनी ती दिली, आणि माझी पुढची ऐंशी वाक्यं नेहमीच्याच चिकाटीनं तपासली.

त्या आठवड्यात मी माझ्याच नोंदी उपसल्या. इर्सीत आपोआप नोंद ठेवायची सोय चालू असली की घरच्या फोल्डरमध्ये चॅनेलवार फाइली साठत जातात, आणि त्यांत स्वतःचं नाव शोधलं की आपण काय काय बरळलो ते ओळीनं बघायला मिळतं. करून बघा, अहंकार उतरतो. मी समजत होते की अशा चुका माझ्याकडून क्वचित होतात. दर महिन्याला होत होत्या. बहुतेक निरुपद्रवी असल्यानं विसरून गेले होते, इतकंच. कुठे टिंब, कुठे प्रश्नचिन्ह, कारण स्लॅशच्याच कळीवर शिफ्ट दाबली गेली की ते उमटतं. कुठे स्लॅशच्या आधी एक रिकामी जागा. ही बहुधा कुठूनतरी कमांड कॉपी करून चिकटवल्यामुळे, आणि ही सगळ्यांत फसवी, कारण पडद्यावर सगळं बरोबर दिसतं. कुठे स्लॅश द्यायलाच विसरलेली. आणि जवळपास निम्म्या ओळी य पासून सुरू होणाऱ्या. ‘यरदगल’ म्हणजे जॉइन. ‘यलगमक’ म्हणजे निक. ‘यैपदगे’ म्हणजे हूइज. एखाद्या विस्मृत बोलीतले शब्द असावेत तसे.

जाता जाता एक गंमत. फिनिश कीबोर्डवर स्लॅश सातच्या कळीवर आहे, शिफ्ट धरून. इर्सीही फिनलंडचंच, टिमो सिराइनेन यांनी १९९९ साली आणलेलं. म्हणजे जिथे आयआरसी जन्मलं, तिथे शिफ्ट निसटली की ‘७एमएसजी’ असं उमटणार. प्रत्येक देशाची फजिती त्याच्या त्याच्या कीबोर्डाप्रमाणे.

तयार स्क्रिप्ट, म्हणजे इर्सीला जोडता येणारा छोटा प्रोग्रॅम, शोधली. कमांड लिहीत असताना लिहिण्याच्या ओळीपाशी खूण दाखवणारी एक मिळाली, चांगली होती, पण मी खुणेकडे बघतच नाही. घाईत असताना माझं लक्ष पुढच्या वाक्यात असतं. मला अडवणारं काहीतरी हवं होतं. आणि य चा बंदोबस्त कोणत्याही स्क्रिप्टमध्ये असणं शक्य नव्हतं. तो आपल्यालाच करायचा होता.

इर्सीच्या स्क्रिप्ट पर्ल भाषेत लिहितात. मला पर्ल येत नव्हतं. दुसऱ्यांच्या चार-पाच स्क्रिप्ट उघडून, हे काढ, ते चिकटव, असं करत शिकले. मूळ कल्पना सोपी आहे. एंटर दाबला की इर्सी आत एक हाकाटी पिटते, ‘सेंड कमांड’. ती ऐकून इर्सीचाच एक भाग ओळीचं पहिलं चिन्ह बघतो. स्लॅश असेल तर कमांड चालवतो. नसेल तर दुसरी हाकाटी, ‘सेंड टेक्स्ट’, म्हणजे हे बोलणं आहे, चॅनेलवर पाठवा. आपण या दुसऱ्या हाकाटीपाशी सगळ्यांच्या आधी जाऊन उभं राहायचं, ओळ बघायची, संशय आला तर ‘थांब’ म्हणायचं. थांब म्हटलं की पुढच्या कुणापर्यंत ती पोचतच नाही. एवढंच. पहिली आवृत्ती चौदा ओळींची होती: ओळीच्या सुरुवातीला रिकामी जागा, टिंब, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह किंवा य असेल आणि पुढे अक्षरं असतील तर थांबव.

लगेच फसले, आणि फसायलाच हवं होतं. “...बघते” असं लिहिलं, अडलं. “येते” लिहिलं, अडलं. म्हणून नियम बदलला. नुसतं पहिलं चिन्ह बघायचं नाही, त्यापुढचा शब्द खरोखरच इर्सीची कमांड आहे का हेही बघायचं. कमांडची यादी इर्सी स्वतःच देते, आपण लिहून ठेवायची गरज नाही. इंग्रजीपुरतं हे झकास चाललं. टिंब एमएसजी अडायचं; टिंब स्लॅश कॉन्फिगर, जे खरंच तसंच लिहितात, ते जायचं.

मराठीसाठी एक तक्ता केला, इनस्क्रिप्टच्या कुठल्या अक्षराची इंग्रजी कळ कोणती याचा. ओळ य नं सुरू झाली की पहिला शब्द तक्त्यातून उलटा फिरवायचा आणि कमांडच्या यादीत शोधायचा. ‘यरदगल’ गेलं आत, स्लॅश जॉइन आलं बाहेर, सापडलं, थांब. मी खूश. त्या खुशीत चॅनेलवर लिहिलं, “झालं एकदाचं!” अडलं. “काय झालं?” अडलं. “अरे” अडलं. मराठीतलं एकूण एक वाक्य अडत होतं, य असो वा नसो. इंग्रजी बिनधास्त जात होतं. मला क्षणभर यात राजकारण दिसलं.

दोन संध्याकाळी गेल्या. कारण कळलं तेव्हा स्वतःला टपली मारावीशी वाटली. युटीएफ-८ या पद्धतीत संगणक देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटमध्ये साठवतो. य म्हणजे २२४, १६४, १७५ असे तीन आकडे. (म्हणूनच आयआरसीवर मराठी लिहिणाऱ्याला जागा कमी मिळते, एका संदेशाला ५१२ बाइटची मर्यादा, त्यातही पत्त्याचा भाग धरून, म्हणजे आपलं वाक्य दीडशेएक चिन्हांतच उरकायचं.) इर्सी स्क्रिप्टच्या हातात ओळ देते ती बाइटच्या रूपात, अक्षरं म्हणून नाही. आणि मी लिहिलेला नियम होता ‘यांपैकी एखादं चिन्ह’, कंसात टिंब, स्वल्पविराम, य. बाइटच्या जगात त्या कंसात य नव्हताच; २२४, १६४ आणि १७५ हे तीन सुटे आकडे होते. आता देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह २२४ नंच सुरू होतं. अ असो, झ असो, क असो, २२४. माझी स्क्रिप्ट सगळ्या देवनागरीला य समजत होती. उपाय दोन ओळींचा. आलेली ओळ आधी युटीएफ-८ मधून उलगडून अक्षरांत आणायची, आणि ही स्क्रिप्टची फाइलही युटीएफ-८ मध्ये आहे हे पर्लला वरच सांगायचं. त्यातली एकच केली तर आणखी गोंधळ होतो, हेही मी करून बघितलं आहे.

मग आलं यमाचं प्रकरण.

इर्सीत लांब कमांडना आखूड टोपणनावं असतात. एमएसजीसाठी नुसतं एम, जॉइनसाठी जे, टॉपिकसाठी टी, पडदा साफ करायला सी. हातांना तीच सवय, म्हणून मी तीही यादीत घातली. एका सकाळी “यस, संध्याकाळपर्यंत पाठवते” असं लिहिलं आणि अडलं. य म्हणजे स्लॅश, स म्हणजे एम. स्लॅश एम. “यू ट्यूबवर आहे बघ” अडलं. दीर्घ उकार टीच्या कळीवर असतो, म्हणजे मी टॉपिक बदलायला निघाले होते. कुणीतरी एका खेळातल्या पात्राच्या नावाचं भाषांतर विचारलं, मी “यम चालेल का?” लिहिलं, आणि स्क्रिप्टनं विचारलं की तुम्हाला पडदा साफ करायचा आहे का. म हे अक्षर सीच्या कळीवर. स्लॅश सी, क्लिअर. माझ्या हातून घडलेला हा एकमेव श्लेष, आणि तोही न ठरवता.

शिफ्टच्या कळांचाही तक्ता मी उत्साहानं भरला होता. श हा शिफ्ट धरून एमवर येतो, आणि इर्सी कमांडमध्ये मोठी लिपी-छोटी लिपी असा भेद करत नाही. म्हणजे ‘यश’सुद्धा स्लॅश एम. आमच्याकडे यश नावाचं कुणी नव्हतं हे नशीब, नाही तर त्याला हाक मारायचीच चोरी झाली असती.

याच सुमारास भोपाळच्या त्या मित्रानं स्क्रिप्ट मागितली. मी मोठ्या अभिमानानं दिली. तासाभरात त्याचं उत्तर, “दीदी, मैं गूँगा हो गया।” त्यानं स्वतःसाठी स्लॅश यू असं एक टोपणनाव करून ठेवलं होतं. यूच्या कळीवर ह. आणि हिंदीत जवळजवळ कुठलीही गोष्ट सांगायला सुरुवात करायची तर ‘यह’ लागतं. त्याची निम्मी वाक्यं फाटकातच अडकली. त्या दिवशी मी एका अक्षराची सगळी टोपणनावं य च्या तक्त्यातून काढून टाकली. स्लॅश एम लिहिताना कीबोर्ड मराठीत राहिला तर स्क्रिप्ट मला वाचवणार नाही, पण ‘यस’ म्हणता येईल. टिंब आणि प्रश्नचिन्हासाठी मात्र ती ठेवली, तिथे कुणाचं काही अडत नाही.

स्लॅश द्यायलाच विसरल्याच्या चुका सगळ्यांत अवघड, आणि तिथे मी जवळपास हरले. ओळीचा पहिला शब्द कमांडच्या यादीत असेल तर थांबव, असा नियम करून बघितला. पण यादीत ‘मी’ आहे. इंग्रजी स्पेलिंगचा मी; आयआरसीवर त्या कमांडनं आपण काय करतोय ते तृतीयपुरुषी सांगता येतं. आणि रोमन लिपीत मराठी लिहिणारे आपण अर्धे लोक ‘मी आलो’मधला मी नेमका तसाच लिहितो. शिवाय टाइम, लिस्ट, वेट, हू. “टाइम नाही आज” हे वाक्य जर जाऊ शकणार नसेल तर त्या चॅटचा मराठी माणसाला उपयोग काय? शेवटी स्लॅशविना फक्त एमएसजी आणि क्वेरी हे दोनच शब्द अडवले, आणि ओळीत कुठेही निकसर्व्ह आणि आयडेंटिफाय एकत्र आले तर तेही. पासवर्डाचा धोका माझ्यापुरता संपला असला तरी स्क्रिप्ट आता दुसऱ्यांकडेही होती.

अडवलेल्या ओळीचं काय करायचं हा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. पहिल्या आवृत्तीत ती नुसती गायब व्हायची आणि मला वरचा बाण दाबून ती परत आणावी लागायची. म्हटलं, ती लिहिण्याच्या जागेत परत ठेवावी, म्हणजे पहिलं चिन्ह दुरुस्त केलं की झालं. तशी आज्ञा आहे. मी ती लिहिली, काहीच होईना. ओळ परत ठेवली जात होती, पण आपलं काम आटोपलं की इर्सी सवयीप्रमाणे ती जागा पुसून घ्यायची. आपण ताट वाढावं आणि पाठोपाठ कुणी येऊन उचलावं तसं. मग १० मिलिसेकंदांचं एक टायमर लावलं. इर्सीला तिची पुसापुशी करू द्यायची, आणि ती वळली की गुपचूप ओळ ठेवायची. १० पेक्षा कमी इर्सी घेत नाही. डोळ्यांना त्यातलं काही कळत नाही.

चूक नसताना अडलं तर? सुरुवातीला मी असं केलं होतं की तीच ओळ पुन्हा एंटर मारून पाठवली तर जाऊ द्यायची. वाटलं, सभ्य पद्धत आहे, एकदा विचारावं. चार दिवसांत माझी बोटं शिकली. अडलं की लगेच दुसरा एंटर, न वाचता, टकटक. पाचव्या दिवशी ‘यैपदगे’ आणि पुढे एकाचं नाव असं चॅनेलवर गेलं, म्हणजे हा माणूस कोण आहे याची मी चारचौघांत चौकशी केली, आणि स्क्रिप्टनं मला त्याआधी रीतसर विचारलंही होतं. बँकेत ‘इथे सही, इथे सही’ म्हणतात तेव्हा आपण जसं करतो तसंच झालं. दुसऱ्या एंटरची सवलत त्याच रात्री काढली.

तिच्या जागी काय आणायचं याचं उत्तर दादांनी दिलं. इर्सीत आधीपासून सोय आहे. स्लॅश, मग एक रिकामी जागा, मग मजकूर असं लिहिलं तर इर्सी ते बोलणंच समजते, मजकूर स्लॅशनं सुरू होत असला तरी. मी इतकी वर्षं वापरून मला हे ठाऊक नव्हतं. त्यातून आणखी एक गोष्ट उलगडली. साधी, सरळ स्लॅशनं सुरू होणारी ओळ ‘सेंड टेक्स्ट’पाशी येऊच शकत नाही, ती आधीच कमांड म्हणून बाजूला निघालेली असते. तिथे स्लॅशनं सुरू होणारी ओळ दिसलीच तर ती कुणीतरी मुद्दाम, ही युक्ती वापरून पाठवलेली असणार, आणि तिला अडवायचं कारण नाही. मी मात्र तीही अडवत होते. एक अट गळाली. बाकीच्या संशयितांसाठी हाच रस्ता ठेवायचा तर स्क्रिप्टला कळायला हवं की सुरुवातीला स्लॅश-रिकामी जागा होती. पण इर्सी ती दोन चिन्हं आधीच कापून टाकते. म्हणून पहिल्या हाकाटीपाशीही एक पहारेकरी ठेवावा लागला. तो काहीच अडवत नाही, ओळ कशी सुरू झाली एवढं टिपून ठेवतो. हा भाग मला अजून कुरूप वाटतो. चालतो.

स्क्रिप्ट आज ६१ ओळींची आहे, त्यातल्या पंचवीसेक नुसत्या तक्त्याच्या. आपोआप चालू होणाऱ्या फोल्डरमध्ये तिचा दुवा ठेवलाय, त्यामुळे इर्सी उघडली की ती असतेच. मोबाइलवर ती नाही, म्हणून मोबाइलवरून मी फक्त वाचते. कधी अडवते तेव्हा खाली एक ओळ येते, ती आधी ‘संशयास्पद कमांड’ अशी सरकारी होती. आता नुसतं ‘अगं’ येतं. भोपाळवाल्यानं त्याच्याकडे ते बदलून ‘दीदी’ केलंय. म्हणतो, ते वाचलं की हात आपोआप थांबतो.

चॅनेलवर मात्र ‘यसेु’ हा शब्द राहिला. कुणी भलत्या खिडकीत भलतं लिहिलं की खाली कुणीतरी तेवढंच टाकतं. तमिळवाले टाकतात, ज्यांच्या लिपीत तो नाहीही. स्वल्पविरामवाले गृहस्थही एकदा टाकून गेले, पुढे पूर्णविराम देऊन.

गेल्या डिसेंबरात भोपाळचा मित्र कुटुंबाला घेऊन गाडीनं कोल्हापूरकडे निघाला होता. मला ठाऊक नव्हतं. दुपारी फोनवर एक फोटो आला, महामार्गाच्या कडेची हिरवी पाटी, मागे उसाचं शेत, पाटीच्या खाली त्याची लहान मुलगी उन्हानं डोळे बारीक करून उभी. खाली एकच शब्द लिहिला होता.

कोेाुोदल